ॲब्लेशननंतरचे दोन महिने : धडधड, जांघेतला काळा डाग आणि रक्त पातळ करणारी गोळी

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ६१, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. एएफसाठी (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा आजार) बारा दिवसांपूर्वी त्यांचं ॲब्लेशन झालं. जांघेपासून गुडघ्यापर्यंत सगळं काळंनिळं पडलंय. परवा आणि काल रात्री पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं धडधड झाली. एवढा खर्च वाया गेला का? दीर म्हणतात की रक्त पातळ करायच्या गोळीमुळेच हे काळं पडलंय, ती बंद करा. रिव्हारोक्साबॅन २० रात्री चालू आहे. आम्ही कसब्यात वाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. स्कूटर कधी चालवू द्यावी? आणि महिन्याभरानं वारीत पुणे ते सासवड चालायचं त्यांच्या मनात आहे, ते जमेल का?

उत्तर :

सगळ्यात आधी, गोळी बंद करू नका. आज रात्रीचा डोसही चुकवू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं दिरांना आत्ताच सांगा.

हृदयाच्या ठोक्यांच्या आजारांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ॲब्लेशन करते आणि त्यानंतर घरी गेलेल्यांचे फोनही घेते. तुम्हाला ज्या गोष्टींची धास्ती वाटते आहे, त्या बहुतेक सगळ्या बाराव्या दिवशी अपेक्षितच असतात. ज्यांना खरोखर घाबरायला हवं त्या गोष्टी उशिरा येतात, आवाज न करता येतात आणि घरी सोडताना घाईगडबडीत एका वाक्यात सांगितलेल्या असतात. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी, झालं काय ते पाहू. एएफमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचे संदेश सैरावैरा धावत राहतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की या गोंधळाची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. म्हणून जांघेतल्या शिरेतून नळ्या वर नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र करून डावीकडे जातात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती चटके देऊन कडं तयार करतात. ठिणगी पडली तरी ती कड्याच्या आतच राहावी, एवढाच हेतू. अँजिओप्लास्टीशी याचा संबंध नाही. 'ब्लॉकेज निघालं का?' असं भेटायला येणारे विचारतीलच. ब्लॉकेज काढायला हे केलेलंच नव्हतं, असं त्यांना सांगून टाका.

आता धडधड. बोटाला तव्याचा चटका बसला की आधी लाल होतं, सुजतं, ठणकतं, आणि मग काही आठवड्यांनी तिथली कातडी घट्ट होते. आतही तेच चाललेलं असतं. दिलेल्या चटक्यांभोवती सूज आहे, आणि सुजलेला स्नायू चिडचिडा असतो. तो मधूनच जास्तीचे ठोके टाकतो, कधी चक्क पुन्हा एएफ सुरू करतो. कड्याचा पक्का व्रण व्हायला आठवडे लागतात. म्हणूनच या सुरुवातीच्या काळात आलेली धडधड 'अपयश' म्हणून मोजायची नाही, असं जगभर ठरलेलं आहे. पूर्वी हा काळ तीन महिन्यांचा धरत. २०२४ मध्ये युरोप, अमेरिका, आशिया-पॅसिफिक आणि लॅटिन अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी मिळून तो आठ आठवड्यांवर आणला. तुमचे मिस्टर बाराव्या दिवशी आहेत. खर्च वाया गेला की नाही याचा हिशेब आज मांडू नका.

हेही सांगायला हवं की या दिवसांत ज्यांना वारंवार धडधड होते, त्यांच्यात पुढेही त्रास परतण्याचं प्रमाण जास्त असतं. काहींना दुसऱ्यांदा ॲब्लेशन लागतं, कारण कड्यात एखाद्या ठिकाणी फट राहिलेली असते. म्हणून धडधड झाली की नोंद ठेवायची. तारीख, वेळ, किती मिनिटं, तेव्हा काय करत होते आणि नाडीचे ठोके. नाडी मनगटाला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय अनेकांना असते. ठोके अनियमित असले की त्या गुणाकारात भलताच आकडा येतो. घरचं बीपीचं मशीनही एएफ चालू असताना एका वेळी एक सांगतं, दुसऱ्या वेळी दुसरंच, तेव्हा तीनदा घेऊन सरासरी लिहा. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी निघाला तर फारच उत्तम. तो एक कागद माझ्यासारखीला दहा वर्णनांपेक्षा जास्त सांगतो.

बसल्या जागी नाडी १२० च्या वर आहे आणि दोन-तीन तास उतरत नाही, तर डॉक्टरांना फोन करा. धडधडीबरोबर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं किंवा दम असेल तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

एक बदल न विचारताच सांगते, कारण त्यावरून घरोघरी उगाच काळजी होते. ॲब्लेशनच्या आधी बसल्या जागी नाडी ६५ असायची, ती आता ७५-८० दिसेल. त्या शिरांच्या तोंडाशी हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या मज्जातंतूंची जाळीही असते, चटक्यांत तीही थोडी सापडते. ठोके नियमित असतील तर या वाढलेल्या आकड्यानं काही बिघडत नाही. कित्येकांत तो काही महिने टिकतो.

जांघेच्या काळेपणाचं उत्तर सोपं आहे. तिथल्या शिरेत एकाहून जास्त नळ्या होत्या, आणि त्या वेळी रक्त मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. थोडं रक्त कातडीखाली पाझरतं आणि माणूस उभा राहायला लागला की मांडीवरून खाली उतरतं. म्हणून डाग रोज मोठा होताना दिसतो, गुडघ्यापर्यंतही पोचतो. जांभळा, मग हिरवट, मग पिवळट, असं करत दोन-तीन आठवड्यांत जातो. छिद्राच्या जागी सुपारीएवढी टणक गाठ लागली तरी चालतं, ती हळूहळू विरते. पण गाठ वाढते आहे, हाताला ठोके दिल्यासारखी उडते आहे, दुखणं वाढतंय, पाय गार किंवा बधिर वाटतोय, एकच पोटरी सुजून दुखतेय, किंवा कंबरेत-पोटात एका बाजूला खोलवर दुखून अशक्तपणा येतोय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा, सोनोग्राफी करावी लागेल. छिद्रातून रक्त आलंच तर त्यांना आडवं झोपवा आणि नेमक्या त्या जागी दोन-तीन बोटांनी दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मधे उचलून बघू नका. टॉवेलचा मोठा बोळा ठेवून वरून दाबलं की दाब पसरतो आणि रक्त आत साठत राहतं. दहा मिनिटांत थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन.

आता गोळीबद्दल. दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, डाग एवढा पसरायला गोळीचा हातभार आहेच. पण गोळी कशासाठी आहे ते बघा. चटके दिलेल्या जागी हृदयाचं आतलं अस्तर सध्या उघडं, खरबरीत आहे. वरचे कप्पेही काही आठवडे पूर्ण जोरानं आकुंचन पावत नाहीत. रक्त संथ आणि भिंत खरबरीत असली की गुठळी धरते. ती सुटून वर गेली तर पक्षाघात. मांडीवरचा डाग आपोआप जातो, पक्षाघातानं गेलेला हात पुष्कळदा परत येत नाही. म्हणून ॲब्लेशननंतरचे निदान दोन महिने ही गोळी प्रत्येकाला लागते, धडधड होवो न होवो.

दोन महिन्यांनंतरचा निर्णय धडधडीवरून करायचा नसतो. इथे रुग्णांची सर्वांत जास्त गल्लत होते. 'आता बरं वाटतंय, मग रक्त पातळ कशाला?' असं म्हणून गोळी परस्पर सोडून दिलेली माणसं मी पक्षाघातानं आडवी झालेली पाहिली आहेत. गुठळीचा धोका वय, बीपी, शुगर, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यांना गुण देऊन ठरवतात. तुमच्या मिस्टरांना बीपीचा एक आणि शुगरचा एक असे दोन गुण आत्ताच आहेत, पासष्टी आली की तिसरा. एवढ्यावर गोळी दीर्घकाळ चालू ठेवण्याचाच सल्ला मिळेल, अशी मनाची तयारी ठेवा. वर्षभर एएफ अजिबात परतला नाही तर काही निवडक रुग्णांत ती थांबवता येईल का, यावर अलीकडे चांगलं काम झालं आहे; २०२५ मध्ये दक्षिण कोरियातून आलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष थांबवण्याच्या बाजूनं आहेत. पण ती चर्चा वर्षानंतरची, होल्टरचे (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र) रिपोर्ट समोर ठेवून, तुमच्या डॉक्टरांशी करायची.

रिव्हारोक्साबॅन २० भरल्या पोटीच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला किंवा चतुर्थीला नुसत्या लिंबूपाण्यावर राहून रात्री गोळी घेतली तर बराच उपयोग हातचा जातो. निर्जळी उपास या दोन महिन्यांत नकोच. फराळ पोटभर करून त्यावर गोळी घेतली तर चालेल. रात्री विसरली आणि झोपण्याआधी आठवली तर थोडं खाऊन लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या घरात असतील तर त्या यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, या गोळीबरोबर त्या पोटात रक्तस्राव करू शकतात. पॅरासिटामॉल चालतं. भाजी-आमटीतली हळद, लसूण यांना काही हरकत नाही. त्यांच्या कॅप्सूल नकोत. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली, किंवा जिन्यात पडून डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच दाखवायचं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची झडप जुन्या सांधेज्वरामुळे अरुंद झालेली असेल, तर त्यांना ही नवी गोळी चालत नाही. त्यांना वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल या जुन्या गोळ्या आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) हाच रस्ता आहे. मेथी-पालकाचं पथ्यही त्यांच्याच गोळ्यांचं आहे. तिथेही भाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते.

जिना, स्कूटर आणि वारी. पहिला आठवडा जांघ जपायची होती. त्या दिवसांत वर-खाली एखाददुसऱ्या वेळीच केलं असेल तर योग्य केलंत. आता बाराव्या दिवशी, गाठ वाढत नसेल तर तीन मजले चढायला हरकत नाही. वाड्याच्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या उंच असतात, तेव्हा कठडा धरून, ज्या बाजूला छिद्र नाही तो पाय आधी टाकायचा आणि मजल्यामजल्यावर थांबायचं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं, मांडी घालून जेवायला बसणं हेही आता हळूहळू सुरू करता येईल. कुंथायला लागू नये म्हणून रात्री इसबगोल घ्या, त्या वेळच्या औषधांपासून थोडं अंतर ठेवून. भरलेला गॅस सिलिंडर मात्र महिनाभर दुसऱ्या कुणीतरी उचलावा. भरल्यावर तो तीस किलोच्या आसपास जातो, आणि तो हलवताना सगळा ताण नेमका जांघेतच येतो.

स्कूटर चालवण्यात अडचण पायाची कमी आणि चक्करेची जास्त. परवा-काल धडधड झाली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, ते त्यांना नीट विचारा. आली असेल तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत स्कूटरही नाही आणि गाडीही नाही. आली नसेल तर आता घराजवळ चालवू देत. सुरुवातीचे काही दिवस मेन स्टँडवर चढवायला आणि किक मारायला दुसऱ्याला सांगा. लक्ष्मी रोडच्या गर्दीत संध्याकाळी आत्ताच जाऊ नये. हेल्मेट सक्तीचं समजा. रक्त पातळ असताना डोक्याला लागणं ही वेगळीच गोष्ट आहे.

चालणं तर रोज हवंच. शनिवारवाड्याभोवती सपाटीवर वीस मिनिटांपासून सुरुवात करा, चालताना बोलता आलं पाहिजे एवढाच वेग. तिसऱ्या आठवड्यानंतर पर्वतीच्या पायऱ्या, मधे बसत, चालतील. वारीतला पुणे-सासवड हा टप्पा लांब आहे, दिवेघाटाचा चढ आहे, पाऊस नसला तर उकाडा असतो, आणि त्या दिवशी बहुधा एकादशीही असते. तेव्हा त्यांना जेमतेम सहा आठवडे झालेले असतील. उपास, घाम आणि दिवसभराची चाल एकत्र आली की शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात आणि चिडचिड्या हृदयाला धडधडीचं निमित्त मिळतं. त्यांची ओढ मला समजते, माझे कितीतरी रुग्ण वारकरी आहेत. या वर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना दर्शन घ्यावं, निघताना हडपसरच्या रस्त्यावर थोडं अंतर बरोबर चालावं आणि घाट पुढच्या वर्षासाठी ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत वजन कमी करण्यासारखं असेल तर ते करा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरवून तसंच टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत एएफ परतण्याचं प्रमाण खूपच कमी राहतं. बीपी आटोक्यात ठेवणं, दारू असेल तर सोडणं आणि रात्री मोठ्यानं घोरत मधेच श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी करणं, हे ॲब्लेशनच्या बरोबरीचे उपचार आहेत. दिवसातून दोन कप चहानं एएफ होत नाही, त्याची काळजी नको. अमृततुल्यमधला गोड चहा शुगरसाठी वाईट, तो मुद्दा वेगळा.

ज्यांचं ॲब्लेशन एएफऐवजी एसव्हीटीसाठी (अचानक सुरू होणारी, वेगवान पण नियमित धडधड) झालंय, त्यांना यातलं बरंच लागू नाही. त्यात चटके थोडे आणि एकाच जागी असतात, आठवड्यात माणूस कामाला लागतो. आता धडधड सुरू होणार असं क्षणभर वाटतं आणि ती सुरू होत नाही, असं काही महिने होत राहतं, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डाव्या कप्प्याच्या अगदी मागे अन्ननलिका टेकलेली असते. क्वचित, हजारात एकाहूनही कमी जणांत, चटक्याची झळ तिला लागते आणि काही आठवड्यांनी तिथे हृदय आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडतं. पोटातलं आम्ल कमी करणारी जी गोळी चार-सहा आठवड्यांसाठी दिली आहे ती यासाठीच. ॲसिडिटी नाही म्हणून सोडू नका. ही गुंतागुंत बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांत, आणि विशेषतः दोन ते चार आठवड्यांच्या आसपास दिसते, माणूस बरा होऊन हिंडाफिरायला लागलेला असतो तेव्हा. सुरुवात साध्या तापानं होते. थंडी वाजून ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, रक्ताची उलटी, किंवा अचानक बोलण्यात-हालचालीत बिघाड. आणि तुमचे हे दोन महिने नेमके पावसाळ्यात शिरणार आहेत. जून-जुलैत पुण्यात ताप म्हटलं की व्हायरल नाहीतर डेंगी, पॅरासिटामॉल घ्या आणि तीन दिवस बघा, असंच कुणीही म्हणेल. यांच्या बाबतीत तीन दिवस बघायचं नाही. ताप आला की त्याच दिवशी ॲब्लेशन केलेल्या डॉक्टरांना कळवा. संशय असेल तर छातीचा सीटी स्कॅन करायचा. गिळताना दुखतंय म्हणून कुणी एंडोस्कोपी सुचवली तर तिथेच 'ॲब्लेशन झालंय' असं सांगून थांबवा, कारण त्या तपासणीत आत हवा भरतात आणि भोक असेल तर ती हृदयातून मेंदूत जाते. ताप डेंगीचाच निघाला तरी प्लेटलेट खाली जात असताना रक्त पातळ करणारी गोळी कशी द्यायची हे हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तोंड वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, जीभ अडखळणं, या पक्षाघाताच्या खुणा दिसल्या की थांबायला वेळ नसतो. चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं ते आजच ठरवून ठेवा, आणि तिथे 'रात्री इतक्या वाजता रिव्हारोक्साबॅन घेतली' असं वेळेसकट सांगा, त्यावर पुढचे उपचार ठरतात. अचानक दम लागून घाम फुटला, बीपी उतरलं तर हृदयाभोवती रक्त साठलं आहे का हे बघण्यासाठी लगेच इको लागतो. हेही क्वचित उशिरा होतं. दोन-चार महिन्यांनी खोकला सुरू झाला, थुंकीतून रक्त आलं, अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही थांबेना, तर फुप्फुसाकडची एखादी शीर आकसली आहे का हे तपासायला आठवणीनं सांगा. इथे अशा खोकल्यात आधी टीबीच शोधतात, आणि तोही शोधायला हवाच.

तुम्ही रात्री उठून त्यांचा श्वास बघत असणार, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला माहीत आहे. त्याऐवजी सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणानंतर, अशी दोनदाच नाडी मोजा आणि वहीत लिहा. हातात नाडी दाखवणारं घड्याळ असेल तर त्यात दर पाच मिनिटांनी बघायला त्यांनाही मना करा. बघून बघून नाडी वाढते. रात्री त्यांना खरंच त्रास झाला तर ते तुम्हाला उठवतील, तसं त्यांच्याशी बोलून ठेवा आणि झोपा.

तपासणीची तारीख साधारण दोन-तीन महिन्यांनी असेल. वही आणि निघालेले ईसीजी घेऊन जा, होल्टर कधी करायचा ते तिथे विचारा, आणि क्रिएटिनिन एकदा तपासून घ्या, कारण या गोळीचा डोस किडनीवर अवलंबून असतो. त्याआधी, या दोन दिवसांत, तुमच्या पेठेतल्या फॅमिली डॉक्टरांकडे डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स नेऊन द्या. ॲब्लेशनची तारीख आणि 'ताप आल्यास आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन' एवढं त्यावर पेनानं ठळक लिहा. कार्डाचा फोटो तुमच्या, दिरांच्या आणि मुलांच्या मोबाइलमध्येही राहू द्या.